नाताळचं झाड आणि मांजराची जीभ

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की वसईतल्या आमच्या घरी नाताळच्या गोठ्यासाठी भाताचा पेंढा येतो, माळ्यावरची खोकी खाली उतरतात, ओटीवरची झाडाची कुंडी ओढत ओढत आत येते, आणि ठकी कान टवकारून बसते. ठकी म्हणजे आमची मांजर. वय सात वर्षं, वजन सव्वाचार किलो, पाठीवर काळा शेला आणि चारही पाय पांढरे. झाड आत आल्याबरोबर ती आधी कुंडी हुंगते, मग खोडाला गाल घासते, आणि मग मान वर करून शेंड्याकडे बघत राहते. पुढे काय होणार ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

माझ्या लहानपणी झाड म्हणजे सुरूची डहाळी. आमच्याकडे किनाऱ्याला सुरू इतका, की एका किनाऱ्याचं नावच सुरूची बाग. आजोबा डहाळी आणून वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात रोवायचे आणि डब्याला रंगीत कागद गुंडाळायचे. सुरूची एखादी ‘सुई’ दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघा, ती सांध्यासांध्यातून सुटत जाते. ती मुळी पानच नाही, हिरवी, बारीक, सांधेदार डहाळी आहे. खरी पानं म्हणजे प्रत्येक सांध्याभोवती असलेली, भिंगाखाली धरल्यावरच नीट दिसणारी दातेरी कड. दिसायला सुरू पाइनचा भाऊ वाटतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो फुलझाडांच्या घराण्यातला. आता डहाळ्या तोडणं बंद झालं आणि नर्सरीतलं अरौकेरिया कुंडीत आलं. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं हे झाड खऱ्या अर्थाने सूचिपर्णी. त्याच्या फांद्या एकाच उंचीवरून चक्राकार फुटतात, मग वीतभर मोकळं खोड, मग पुन्हा चक्र. जिन्याचे टप्पेच जणू. मांजराला याहून सोयीचं झाड मिळणं कठीण.

घरात झाड सजवायची चाल जर्मनीतली. 1848 साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं विंडसरमधल्या झाडाभोवतीचं चित्र छापलं आणि ती इंग्लंडभर पसरली. 1882 मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ऐंशी विजेचे दिवे लावलेलं झाड उभं केलं. लोंबणारं, चमकणारं, हलणारं जे जे सापडलं ते ते माणसं झाडाला बांधत गेली. हे सगळं माणसाच्या डोळ्यांसाठी होतं. मांजराच्या डोळ्यांना ते कसं दिसत असेल?

एक तर अंधुक. मांजराच्या नजरेची धार आपल्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकीच असते. वीतभर अंतराच्या आतलं तर तिला नीट दिसतच नाही. तिथे मिशा पुढे येऊन काम सांभाळतात. तांबडा रंग तिला फिका, मातकट भासत असणार. लालभडक चेंडू निवडायला आपण दुकानात अर्धा तास घालवतो, तो लाल ठकीच्या गावी नाही. उलट आपल्याला अजिबात न दिसणारं काहीतरी तिला दिसतं. लंडनमधले संशोधक रोनाल्ड डग्लस आणि ग्लेन जेफरी यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं, की मांजराच्या डोळ्यातलं भिंग अतिनील प्रकाशाचा बराच भाग आत जाऊ देतं. आपलं भिंग तो अडवतं. पांढरा कागद, चमकीचा पट्टा, प्लॅस्टिकचे हिमकण या वस्तू तिला आपल्यापेक्षा वेगळ्या दिसत असाव्यात. त्यात डोळ्याच्या आतला तो आरशासारखा थर, ज्याच्यामुळे रात्री गाडीच्या उजेडात मांजराचे डोळे पेटल्यासारखे दिसतात. माणसाला लागतो त्याच्या साधारण सहाव्या भागाइतक्या उजेडात तिचं भागतं. दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवून फक्त झाडावरची माळ चालू ठेवली की आपल्याला ती सणाची वेळ वाटते. मांजरासाठी ती शिकारीची वेळ असते.

आणि हालचाल. मांजराच्या मेंदूला हलणाऱ्या रेषेचं किती वेड आहे, याचा पुरावा विज्ञानाला अपघातानेच मिळाला. 1958 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युतसंकेत ध्वनिक्षेपकावर ऐकत होते. काचेच्या पट्ट्या सरकवून मांजराच्या डोळ्यांसमोर ठिपके दाखवत होते. काळे दाखवले, उजळ दाखवले, पेशी ढिम्म. मग एकदा पट्टी सरकवताना काचेच्या कडेची पुसट तिरपी सावली पडद्यावरून गेली आणि लाह्या फुटाव्यात तशी ती पेशी तडतडायला लागली. पेशी ठिपक्याची नव्हे, विशिष्ट दिशेने सरकणाऱ्या रेषेची वाट पाहत होती. मेंदू दृश्य कसं रचतो हे समजण्याची किल्ली तिथे सापडली आणि 1981 मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. आता झाडावरची झिरमिळी आठवा. पंख्याच्या वाऱ्यावर डुलणारी, चमकणारी, बारीक, तिरपी रेषा. मांजराच्या मेंदूत नेमक्या याच गोष्टीसाठी खास पेशी बसवलेल्या आहेत. तिने दुर्लक्ष करावं ही आपली अपेक्षाच चुकीची.

कानांचंही तसंच. आपण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, मांजर सुमारे पंच्याऐंशी हजारांपर्यंत. उंदराच्या पिल्लांची आपल्याला न ऐकू येणारी चिवचिव टिपण्यासाठी घडलेले हे कान आहेत. काचेचे दोन गोळे एकमेकांना लागले, चमकीचा पट्टा फांदीवर घासला, की तिला आपल्याहून कितीतरी जास्त ऐकू जातं.

मग ती चढते. मांजराची नखं आकड्यासारखी मागे वळलेली असतात आणि एरवी लवचीक बंधांनी आत ओढलेली असतात. स्नायू ताणले की बाहेर येतात. चढताना हा आकडा खोडात रुततो आणि अंगाचं वजन त्याला आणखी रुतवतं. उतरताना मात्र डोकं खाली केलं की आकडा उलटा पडतो आणि सुटतो. आंब्याच्या झाडावरून खार डोकं खाली करून सरसर उतरते, कारण तिचे मागचे घोटे पूर्ण उलटे फिरतात. मांजराच्या कुळातही ही कला थोड्यांनाच साधते: मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या मार्गे या रानमांजराला, आणि आपल्या ईशान्येकडच्या लामचित्त्याला. घरच्या मांजराला शेपटीकडून, मागे सरकत उतरावं लागतं. ते तिला फारसं आवडत नाही, म्हणून ती उडी मारते. उडी मारताना ती झाडाला मागे ढकलते, आणि झाड आडवं होतं. मांजर झाड पाडतं ते बहुधा चढताना नाही, उतरताना. म्हणून कुंडीत विटा ठेवून पुरत नाही. शेंड्याजवळ मजबूत दोरी बांधून ती खिडकीच्या गजाला अडकवली पाहिजे. आमचं झाड गेली चार वर्षं असंच गजाला बांधलेलं असतं आणि एकदाही पडलेलं नाही.

ती स्वतः पडली तर? पहिल्या वर्षी मला याचीच धास्ती होती, आणि ती अनाठायी होती. उलटं सोडलेलं मांजर हवेतल्या हवेत वळून पायांवर कसं उतरतं, याची छायाचित्रांची मालिका फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी 1894 मध्ये दाखवली, तेव्हा पॅरिसच्या विज्ञान अकादमीतले जाणते लोक चक्रावून गेले. ढकलायला काही नसताना अंग वळतं कसं? ती कमरेत वाकून पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा फिरवते. 1969 मध्ये केन आणि शेर या दोन अभियंत्यांनी त्याचं गणित मांडलं. ही प्रतिक्षिप्त क्रिया पिल्लू सहा-सात आठवड्यांचं होईपर्यंत पक्की होते. 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडून आपल्याकडे आलेल्या 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांतली नव्वद टक्के वाचली होती. जागीच गेलेली मांजरं दवाखान्यात आणत नाहीत, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचायला हवा. गॅलरीला जाळी हवीच. पण पाच फुटी झाडावरून पडण्याची काळजी करत बसू नये.

काळजी करायची ती दोऱ्याची.

चार वर्षांपूर्वी नाताळनंतरच्या तिसऱ्या दिवशी ठकीने खाणं सोडलं. आधी वाटलं, सणाचं काही जास्त झालं असेल. मग ती फेस ओकली, पुन्हा ओकली, आणि कपाटाखाली पोट जमिनीला लावून बसून राहिली. खाणं सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, आणि मग मला वेगळीच वाटलेली एक गोष्ट केली: तिचं तोंड उघडून खालच्या जबड्याच्या मधोमध, बाहेरून, अंगठ्याने वर दाब दिला. जीभ उचलली गेली. जिभेच्या मुळाशी, गुलाबी मांसात रुतलेली, केसाएवढी सोनेरी रेघ. झाडावरच्या झिरमिळीचा एक धागा.

हे असं का झालं, याचं उत्तर तिच्या जिभेत आहे. मांजर हात चाटतं तेव्हा खरखरीत लागतं ना? त्या खरखरीचे काटे केराटिनचे, म्हणजे नखं ज्याची असतात त्याच द्रव्याचे असतात, आणि ते सगळे घशाकडे वळलेले असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 मध्ये दाखवलं, की या काट्यांच्या टोकांना पन्हळीसारखी खोबण असते. तिच्यातून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते. अंग स्वच्छ ठेवायला याहून चांगली फणी नाही. पण दोरा या फणीत अडकला की त्याला एकच वाट उरते, आतली. मांजराला तो थुंकता येत नाही. कुत्रं तोंडातली नको ती वस्तू टाकून देऊ शकतं. मांजर इच्छा नसतानाही दोरा गिळत जातं.

आणि मग आत जे होतं ते समजायला लेंग्याची नाडी पुरे. नाडीचं एक टोक धरून ठेवा आणि नेफा पुढे सरकवत जा. कापड नाडीवर चुण्या घेत गोळा होतं. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात उतरतो. आतडं आपलं रोजचं काम करतं, लाटा देत तो पुढे ढकलायला बघतं. दोरा हलत नाही, म्हणून आतडंच त्याच्यावर चढत जातं, चुण्या घेत. ताणलेला दोरा प्रत्येक लाटेबरोबर त्या चुण्यांच्या आतल्या बाजूला करवतीसारखा घासतो. भोक पडलं की आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत उतरते, आणि मग वेळ थोडा उरतो. ठकीच्या आतड्याला भोक पडलेलं नव्हतं. पोट उघडून तीन ठिकाणी आतड्याला छेद देऊन दोरा तुकड्यातुकड्याने काढावा लागला. डॉक्टरांनी तो मला बशीत दाखवला. हाताच्या लांबीएवढा होता.

म्हणून हे ठळकपणे सांगते. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो कधीही ओढू नका. दुसरं टोक कुठे अडकलंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि तुमचा एक हिसका आतडं चिरू शकतो. तिला तसंच उचला आणि पशुवैद्याकडे न्या. झिरमिळ्या, भेटवस्तूंच्या फिती, केकच्या खोक्याची सोनेरी दोरी, आणि सुई ओवून ठेवलेला शिवणाचा दोरा, सगळे एकाच माळेचे मणी. जुन्या काळी झिरमिळ्या शिशाच्या करत. मुलांना विषबाधा होईल म्हणून अमेरिकेत 1972 पासून त्या बंद झाल्या. आताच्या प्लॅस्टिकच्या आहेत, विषारी नाहीत, म्हणून लोक निश्चिंत असतात. मांजराला धोका विषाचा नव्हताच, लांबीचा होता. आमच्या घरात त्या वर्षापासून एकही झिरमिळी येत नाही.

विषाची गोष्ट वेगळी, आणि तिथेही मांजराचं शरीर आपल्यासारखं नाही. आपल्या यकृतात अनेक रसायनांना साखरेचा एक रेणू जोडून, ती पाण्यात विरघळणारी करून, लघवीवाटे बाहेर टाकण्याची सोय असते. मांजरात हे काम करणाऱ्या विकरांपैकी एकाचं जनुक मोडलेलं आहे. ते 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. पिढ्यान्पिढ्या निव्वळ मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींमधली विषं निचरायची गरज पडली नाही, म्हणून जनुक बिघडलं तरी काही अडलं नाही. आज मात्र अडतं. मांजर झाडापाशी येऊ नये म्हणून निलगिरीचं किंवा संत्र्याचं तेल शिंपडणं, कुंडीत डांबरगोळ्या टाकणं, हे उपाय लोक मला अगदी आपुलकीने सुचवतात. ते करू नका. ती तेलं तिच्या पंजांना लागतात, ती पंजे चाटते, आणि डांबरगोळी तर तिच्या रक्तपेशी फोडते. याच मोडक्या जनुकामुळे पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरतं. ताप आलेल्या मांजराला माणसाची अर्धी गोळी देणारे भले लोक मी पाहिलेत. तिच्या हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. एक गोळी सबंध मांजराला पुरून उरते.

नाताळात घरोघरी दिसणाऱ्या लाल पानांच्या पॉइन्सेटियाची अकारण बदनामी झाली आहे. त्याच्या चिकाने तोंड चुरचुरतं, फार तर उलटी होते. खरी भीती लिलीची. फुलदाणीत ठेवलेल्या पांढऱ्या लिलीचे परागकण अंगावर पडले आणि मांजराने ते चाटले, किंवा फुलदाणीतलं पाणी जरी प्यायलं, तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. वेदीवरची लिली सुंदर असते. मांजर असलेल्या घरात ती नको.

दिव्यांच्या माळेबद्दल एवढंच की वायर मांजराने चावली आणि ती वरवर ठीक दिसली तरी तिला डॉक्टरांना दाखवा, कारण फुप्फुसांत पाणी काही तासांनी भरू शकतं. आणि फराळाच्या ताटाची चिंता फारशी नको. मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं जनुकही तिच्यात मोडलेलं आहे, हे 2005 मध्ये सिद्ध झालं. ठकी कुलकुलांना तोंड लावत नाही. केकवरचं लोणी मात्र चाटून जाते. चॉकलेट तेवढं झाकून ठेवा.

आता आम्ही काय करतो ते. इंग्लंडमधल्या सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी मांजरांच्या खेळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यात दोन गोष्टी दिसल्या. भुकेलं मांजर जास्त जोराने खेळतं. म्हणजे तिचा खेळ हा शिकारीचाच भाग आहे. आणि तेच खेळणं पुन्हा पुन्हा समोर आलं की तिचा रस आटतो, खेळणं किंचित बदललं की परत जागा होतो. झाडावर रोज एक नवा गोळा टांगायची आमची जुनी पद्धत होती. आम्ही रोज ठकीला नवं खेळणं देत होतो आणि रोज तिला रागावत होतो.

म्हणून झाड आता आठ दिवस आधी येतं आणि तसंच नागवं उभं राहतं. ती दोन-तीनदा चढते, उतरते, मग कंटाळते. मग सगळी सजावट एकाच दिवशी, एका बैठकीत होते. खालचा तिसरा भाग रिकामा. वर कागदाच्या चांदण्या, आईने करवंटीच्या तुकड्यांना रंग देऊन केलेले मासे, बांबूच्या कामट्यांचे तारे. फांदीच्या टोकाला नाही, खोडाजवळ, जाड कापडी पट्टीच्या आखूड गाठीने घट्ट बांधलेले, म्हणजे लोंबत नाहीत आणि डुलत नाहीत. काचेचे आजीचे चार गोळे कपाटात काचेमागे. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी काठीच्या टोकाला पिसं बांधून मी तिला वीस मिनिटं पळवते, शेवटी पिसं तिच्या पंजात पडू देते, काठी कुलुपात जाते आणि लगेच तिचं जेवण वाढते. शिकार, मग भोजन, मग अंग चाटणं, मग झोप, हा तिच्या रक्तातला क्रम आहे. माळ लागते तेव्हा ती तिच्या या क्रमाच्या शेवटच्या टप्प्यात असते. खिडकीपाशी झाडाहून हातभर उंच एक फळी ठोकली आहे. उंचावरून बघायची सोय झाल्यावर शेंड्याची ओढ पुष्कळ कमी झाली.

ठकी गोठ्यात जाऊन झोपते, हा प्रश्न मात्र सुटला नाही, आणि आम्ही तो सोडवायचाही सोडून दिला. डिसेंबरातली वसईची थंडी आपल्याला सुखद वाटते, पण मांजराला अंगातली उष्णता न खर्चता आरामात राहायला तीस अंशांच्या वरचं तापमान लागतं. सुक्या भाताच्या पेंढ्यात हवा अडकून राहते, तो अंगाची ऊब परत करतो. त्यात तीन बाजूंनी बंद आणि वर छप्पर. नेदरलँड्समधल्या एका प्राणी-आश्रयस्थानात 2014 मध्ये असं दिसलं, की लपायला खोकं मिळालेली नवी मांजरं खोकं न मिळालेल्यांपेक्षा लवकर शांत होतात. आमचा गोठा म्हणजे पेंढ्याने भरलेलं खोकंच.

गेल्या वर्षी मध्यरात्रीच्या मिस्साहून परत आलो तेव्हा ठकी बैल आणि गाढव यांच्या मधोमध, रिकाम्या गव्हाणीला पाठ टेकून, मुटकुळं करून झोपली होती. बाळ येशूची मूर्ती ठेवायची ती वेळ. मी तिला उचलायला वाकले, तर आईने हात धरला. तिने पेंढा थोडा बाजूला सारला, मूर्ती ठकीच्या पोटाजवळ गव्हाणीत ठेवली आणि दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवला.